मदत हवी आहे : सायकलच्या सीटचा दांडा फ्रेममध्ये जाम झालाय

राजेहो, पोराची गेरवाली सायकल दोन पावसाळे गोठ्यात पडून होती. आता पोरगं वीतभर वाढलं, सीट वर घ्यायची तर दांडा जागचा हलेना. फ्रेम लोखंडी, दांडा अ‍ॅल्युमिनियमचा. फटीतून पांढरी भुकटी निघते. क्लॅम्पचा बोल्ट काढला, चार दिवस डिझेल सोडलं, पाना लावून पिळलं. सीट फिरली, दांडा नाही!

दारव्ह्याचा वेल्डिंगवाला म्हणतो, गॅसनं तापवू. पण अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, मग आणखीनच आवळेल ना? उलट दांड्यात बर्फ भरला तर सुटेल का? की वरून कापून आतला तुकडा हॅक्सॉ ब्लेडनं उभा चिरावा? फ्रेम मात्र वाचली पाहिजे, शाळा पाच किलोमीटर आहे. कोणी स्वतः काढला असेल तर सांगा भाऊ.