सेंट जॉन बेटावर पिझ्झा : शाकाहारी कुटुंबासाठी कोणते ठिकाण बरे पडेल?

सागरवेडी :
नमस्कार. फेब्रुवारीत आम्ही न्यू जर्सीहून अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉन येथे सुट्टीसाठी जाणार आहोत. सोबत दोन मुले आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे असतील. सासू-सासरे पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेसुद्धा खात नाहीत, आणि बेटावरच्या बहुतेक उपाहारगृहांची मदार मासळी आणि बर्गर यांवर असल्याने सर्वांना एकत्र बसून खाता येईल असा पदार्थ म्हणून पिझ्झाच डोळ्यांसमोर येतो. चौकशी करताना तीन नावे पुन्हा पुन्हा ऐकली : क्रूझ बे गावातले रॉनीज पिझ्झा, मंगूस जंक्शन या बाजारसंकुलातले सन डॉग कॅफे, आणि समुद्रात नांगरलेल्या बोटीवरून विक्री करणारे पिझ्झा पाय. ज्यांनी यांपैकी एकापेक्षा अधिक ठिकाणी खाल्ले आहे त्यांनी चव, बसण्याची सोय आणि शाकाहाराची खात्री या दृष्टीने तुलना करून सांगितल्यास फार उपकार होतील.

निवांत :
आम्ही न्यू जर्सीतल्याच एडिसनला राहतो, म्हणजे पातळ बुडाच्या पिझ्झाची सवय तुमच्यासारखीच. त्या सवयीला सर्वांत जवळचा मला रॉनीजचा वाटला. तुकडा उचलून मधोमध दुमडला तरी टोक खाली लोंबत नाही, बुडावर भाजल्याचे तपकिरी ठिपके स्पष्ट दिसतात आणि कड चावताना आधी कुरकुरीत, मग चिवट लागते. मुलांसाठी साधा चीजचा पिझ्झा घ्यायचा असेल तर मी दुसरीकडे जाणारही नाही. मात्र ज्येष्ठांना निवांत बसायचे असेल तर तो बांधून घेऊन मुक्कामाच्या घरी नेणे अधिक चांगले, कारण क्रूझ बेमध्ये संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणे हेच मोठे काम असते.

सन डॉगचा बाज निराळा आहे. तेथे आर्टिचोक (एका झाडाच्या कळ्यांची भाजी) घातलेला, टोमॅटोच्या सॉसशिवायचा पांढरा पिझ्झा मिळतो आणि माझ्या पत्नीच्या मते बेटावरचा सर्वांत चवदार पिझ्झा तोच. मंगूस जंक्शनच्या दगडी कमानी आणि झाडांच्या सावलीत दुपारचे जेवण सुखाचे होते, बोटीच्या धक्क्यापासून अंतर चालत जाण्याजोगे आहे, आणि तुमच्या सासऱ्यांना टोमॅटोच्या आंबटपणाचा त्रास होत असेल तर हाच पर्याय योग्य. माझी स्वतःची पसंती तरीही रॉनीजलाच आहे. पांढऱ्या पिझ्झाचे दोन तुकडे रुचकर लागतात, तिसऱ्याला तो जड होतो.

कणीकवाला :
वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण न्यू यॉर्कच्या पातळ पिझ्झाच्या मोजपट्टीने बेटावरचा पिझ्झा मोजणे मला अन्यायाचे वाटते. मी घरी नियमित पिझ्झा भाजतो, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो. सेंट जॉनवर नद्या नाहीत. घरांच्या छपरांवर पडणारे पावसाचे पाणी खालच्या टाक्यांत साठवायचे किंवा समुद्राचे पाणी गोडे करून वापरायचे, हीच तेथील रीत आहे. अशा पाण्यात क्षार कमी असतात आणि क्षार कमी असले की ग्लुटेनची (पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाची) पकड सैल राहून कणीक चिकट व मऊ होते. त्यात हवा दमट आणि उष्ण, त्यामुळे पीठ ओलावा धरते आणि यीस्टमुळे कणीक भराभर फुगते. जो आचारी पाण्याचे प्रमाण रोजच्या हवेप्रमाणे बदलतो आणि कणीक थंडाव्यात हळूहळू आंबू देतो, त्याचाच बेस नीट येतो. बेटावरच्या एका ठिकाणी, ज्याचे नाव घेणार नाही, आम्हाला मध्यभागी कच्चा राहिलेला पिझ्झा मिळाला होता. त्यामागे बहुधा हेच कारण असावे. शिवाय सेंट जॉनला विमानतळ नाही. पीठ, चीज, टोमॅटो, सगळे जहाजाने येते, तेव्हा किमती पाहून दचकू नका.

शाकाहाराबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे विकर) वापरूनच करतात, त्यामुळे तुमचे सासू-सासरे याबाबत काटेकोर असतील तर वरून भुरभुरवलेले चीज नको असे आधीच सांगावे. अमेरिकेत तयार होणाऱ्या मोझरेला चीजमध्ये बहुतांशी प्राण्यांपासून न काढलेले रेनेट असते, तरी विचारून घेतलेले उत्तम. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये बहुधा अँकोव्ही मासा आणि अंडे असते. ते मागवूच नका.

शिडाची_होडी :
पिझ्झा पायविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ही 37 फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट शेजारच्या सेंट थॉमस बेटाच्या पूर्व टोकाजवळ, ग्रेट सेंट जेम्स बेटाच्या ख्रिसमस कोव्हमध्ये असते. तेथे रस्त्याने जाता येत नाही. आपली बोट जवळ नांगरायची, फोनवरून किंवा रेडिओवरून मागणी नोंदवायची आणि छोट्या होडीतून पिझ्झा घ्यायचा, अशी पद्धत. चव खरोखर चांगली आहे, पण केवळ पिझ्झ्यासाठी बोट भाड्याने घेणे परवडत नाही. स्नॉर्केलिंगची (नळीने श्वास घेत पाण्याखालचे जग पाहण्याची) दिवसभराची सहल घेणार असाल तर कप्तानाला तेथे थांबण्याची विनंती करा, मुले तो दिवस विसरणार नाहीत. सासूबाईंना बोट लागत असेल तर त्यांना किनाऱ्यावरच राहू द्यावे, कारण नांगरलेली बोट अनेकदा चालत्या बोटीपेक्षा अधिक हेलकावते.

सागरवेडी :
सर्वांचे मनापासून आभार. रेनेटची माहिती आम्हाला अजिबात नव्हती. एकच शंका उरली : मांसाचा पिझ्झा कापलेल्या कापणीच्या चाकानेच आमचा पिझ्झा कापला जाईल का, आणि तसे विचारणे तेथे उद्धटपणाचे ठरेल का?

कणीकवाला :
मुळीच ठरणार नाही. तेथे ‘नमस्कार’ न करता थेट मागणी सांगणे मात्र उद्धटपणाचे मानतात. सकाळी ‘गुड मॉर्निंग’, दुपारी ‘गुड आफ्टरनून’ म्हणून मगच बोलायला सुरुवात करावी, ही व्हर्जिन बेटांवरची सर्वमान्य रीत आहे. त्यानंतर शांतपणे सांगा की पिझ्झा न कापता द्या. घरी नेऊन स्वतःच्या सुरीने कापला की प्रश्नच मिटतो. गर्दीच्या वेळी स्वयंपाकघरात वेगळे चाक सापडेलच असे नाही, म्हणून जेवणाची गर्दी सुरू होण्यापूर्वी मागणी नोंदवा.

निवांत :
घरी नेणार असाल तर आणखी एक करा. खोक्याचे झाकण किंचित उघडे ठेवा, नाहीतर त्या दमट हवेत घर येईपर्यंत वाफ धरून बूड मऊ पडते. पोहोचल्यावर ओव्हनऐवजी कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटे ठेवला की कुरकुरीतपणा परत येतो.