एकाच मुलाच्या नोंदींवर टी-चाचणी का चालत नाही?

प्रबंधार्थी: स्वतःचा हात चावणाऱ्या एका मुलाच्या मी बारा सत्रांत नोंदी घेतल्या. बेसलाइनच्या, म्हणजे उपचारापूर्वीच्या, सहा सत्रांत चावण्याची संख्या अनुक्रमे १४, १३, १३, ११, १०, ९ अशी, तर हस्तक्षेप (म्हणजे उपचार) सुरू झाल्यावर ८, ७, ७, ५, ४, ४ अशी आली. दोन सरासऱ्यांतला फरक तपासणाऱ्या टी-चाचणीत पी-मूल्य (खरा फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षाही कमी निघाले, तरीही मार्गदर्शकांनी त्या चाचणीचे कोष्टक काढायला सांगितले. आक्षेप नेमका कशावर आहे?

आलेखवाचक: हे बारा आकडे एखाद्या त्रयस्थाला सलग वाचून दाखवा आणि हस्तक्षेप कोठे सुरू झाला असेल ते विचारा. त्याला सांगता येणार नाही, कारण १४ पासून लागलेली घसरण जवळपास त्याच गतीने ४ पर्यंत गेली आहे. टी-चाचणीला हा उतार दिसत नाही, ती ११.६७ आणि ५.८३ या दोन सरासऱ्या तेवढ्या ताडून पाहते. शिवाय प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असे ती गृहीत धरते, आणि एकाच मुलाच्या लागोपाठच्या नोंदी सहसा तशा नसतात. लगतच्या नोंदींमधला सहसंबंध ०.४ असेल आणि तो पुढे क्रमाने विरत जात असेल, तर अशा १०० नोंदींचे मोल सुमारे ४३ स्वतंत्र नोंदींएवढेच भरते.

चिठ्ठीबहाद्दर: स्वतंत्रतेच्या गृहीतकाशिवाय चालणारी यादृच्छिकीकरण चाचणी आहे, पण तिची तयारी आधी करावी लागते. ३० सत्रे ठरवून, दोन्ही टप्प्यांना किमान ५ सत्रे मिळतील अशा बेताने, सहाव्या ते सव्विसाव्यापैकी कोणत्या सत्रापासून हस्तक्षेप करायचा हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. मग प्रत्यक्ष निघालेल्या सुरुवातीला दिसलेला फरक इतर संभाव्य सुरुवातींच्या फरकांशी ताडून पाहायचा. शक्यता २१, म्हणून सर्वांत लहान पी-मूल्य १/२१, म्हणजे ०.०४८.

प्रबंधार्थी: मी चिठ्ठी टाकली नव्हती. आता हस्तक्षेप थांबवून चावणे पुन्हा वाढते का, हे पाहावे का?

आलेखवाचक: नाही. मूल स्वतःला इजा करत असताना केवळ पुराव्यासाठी उपचार काढून घेणे समर्थनीय नाही. त्याऐवजी बहु-बेसलाइन आराखडा घ्या: किमान तीन मुले किंवा तीन प्रसंग निवडा, प्रत्येकाची बेसलाइन स्थिर होऊ द्या आणि हस्तक्षेप वेगवेगळ्या वेळी सुरू करा, म्हणजे बदल दर वेळी हस्तक्षेपासोबतच येतो का, हे दिसेल. (स्थिरतेची वाट पाहणे आणि चिठ्ठीचे ऐकणे यांचे पटत नाही; मी स्थिरतेच्या बाजूचा आहे.) हाती असलेल्या मालिकेचा आलेख प्रबंधात ठेवा, मात्र बेसलाइन उतरत असतानाच हस्तक्षेप सुरू झाला होता, हे त्याखाली स्पष्ट लिहा.