सुट्टीत नेपाळच्या बालगृहात स्वयंसेवा: जावे की जाऊ नये?

उंबरठा

माझी भाची मेलबर्नला वाढली. बारावीनंतरच्या सुट्टीत चार आठवडे काठमांडूतील एका बालगृहात राहून मुलांना इंग्रजी शिकवावे, असे तिने ठरवले असून त्यासाठी ती एका मध्यस्थ कंपनीला चांगली घसघशीत रक्कम मोजणार आहे. घरात सगळीकडून कौतुक चालले आहे आणि मी एकटीच ‘जाऊ नकोस’ म्हणते आहे, म्हणून माझे म्हणणे येथे मांडते.

१९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईबापांना आपले मूल बंडखोर फौजेत ओढून नेतील अशी भीती होती. दलाल गावोगाव फिरून ‘काठमांडूत शाळेत घालतो’ असे सांगत, त्यासाठी आईबापांकडूनच पैसे घेत, आणि पुढे तीच मुले कागदोपत्री अनाथ ठरत. संघर्ष मिटला, तरी हा व्यवहार मिटला नाही, कारण तोवर परदेशी देणगीदार आणि पैसे भरून येणारे स्वयंसेवक हेच अनेक बालगृहांच्या उत्पन्नाचे साधन झाले होते. गेल्या दशकात युनिसेफच्या हवाल्याने दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार तेथील बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात होते. आणि तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की व चितवन या पाचच जिल्ह्यांत सुमारे ९० टक्के बालगृहे एकवटली होती. अनाथ मुले नेमकी पर्यटकांच्या वाटेवरच जन्माला येतात, असे मानायचे काय?

रानवाटा

उंबरठाताई, आकडे मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. ज्यांना खरोखरच कोणी नाही अशा उरलेल्या मुलांचे काय करायचे, हे आपण सांगितलेले नाही. शिवाय हा प्रकार जगापुढे येण्यात स्वयंसेवकांचाही वाटा आहे. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण २००४ मध्ये काठमांडूजवळच्या गोदावरी गावातील एका बालगृहात आपल्या भाचीसारखाच हौसेने गेला होता. ज्यांना अनाथ म्हटले जात होते त्यांचे आईबाप जिवंत आहेत हे त्याला कळले, त्याने ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली आणि हुमल्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सिमीकोटला मोटाररस्ताही नव्हता अशा काळात हुमल्याच्या डोंगरांत पायी हिंडून मुलांची घरे शोधली. तो घरीच बसला असता तर ते कोणी केले असते? अठरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याविषयी कळवळा वाटतो आहे, तर घरातल्या मोठ्यांनी तिच्यावर संशयाचे पाणी ओतू नये, असे मला वाटते.

उंबरठा

दाखला उत्तम आहे, पण अर्धाच दिला. त्याच संस्थेने पुढे बालगृहांतील अल्पमुदतीच्या स्वयंसेवेविरुद्ध उघड भूमिका घेतली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनेही डिसेंबर २०१७ मधील अहवालात, बालगृहे भरण्यासाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात घेतली; म्हणजे ज्या देशात माझी भाची राहते तेथेच हा विषय आता केवळ भावनेचा उरलेला नाही. कळवळ्यावर माझा आक्षेप नाही, तो पोहोचवण्यासाठी निवडलेल्या वाटेवर आहे.

शुश्रूषा

मी निवृत्त परिचारिका आहे आणि आपल्याकडील एका बालगृहात आरोग्य तपासणीसाठी नियमित जाते. पाहुणा दारात दिसताच धावत येऊन त्याच्या गळ्यात पडणारे मूल पाहून लोकांचे डोळे पाणावतात, ‘किती प्रेमळ आहे हो’ म्हणतात. घरात वाढलेले तीन वर्षांचे मूल अनोळखी माणूस आला की आईच्या पदराआड जाते, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही. सांभाळणारी माणसे सतत बदलत राहिली की मूल कोणालाही बिलगते, कारण कोणीच त्याचे नसते. अशा मुलाला चार आठवडे लळा लावून निघून जाणे म्हणजे त्याला आणखी एकदा सोडून जाणे होय. रानवाटा, आपण कळवळ्याबद्दल लिहिलेत. मी तपासणीबद्दल विचारते. याच मुलीला मेलबर्नमधील पाळणाघरात काम करायचे असेल, तर मुलांसोबत काम करण्यासाठीची सरकारी तपासणी आधी पार करावी लागेल. काठमांडूत कंपनीला पैसे भरले की झाले, असे असेल तर त्या दारातून आणखी कोण कोण आत जात असेल?

खडूफळा

परदेशी स्वयंसेवकांना नावे ठेवण्यापूर्वी आपण बालगृहात वाढदिवसाचे केक कापणे थांबवू या. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मनाई आहे, तरी अशा मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर दिसतातच. जेवण देणाऱ्याने आधी रांगेत उभे करून मुलांकडून ‘धन्यवाद’ म्हणवून घ्यायचे, हा प्रकार तर मला मुळीच सहन होत नाही.

रानवाटा

शुश्रूषाताई, तपासणीचा मुद्दा बिनतोड आहे आणि चार आठवड्यांच्या लळ्याविषयीचाही मी मान्य करतो. तरीही सरसकट ‘जाऊ नये’ येथवर मी येत नाही. एखादी फिजिओथेरपिस्ट सहा महिने जाऊन मुलांना नव्हे, तर तेथील कर्मचाऱ्यांना शिकवत असेल आणि ती परतल्यावर ते कर्मचारीच काम पुढे चालवत असतील, तर तीही याच नावाखाली मोडीत काढायची काय?

शुश्रूषा

नाही. ती मुलांच्या आयुष्यातून येत-जात नाही, त्यामुळे तिच्याबाबत माझी तक्रार नाही. पण उंबरठाताईंच्या भाचीकडे असे कौशल्य नाही. जी रक्कम ती कंपनीला देणार आहे, ती मूल घरीच राहावे म्हणून कुटुंबाला मदत करणाऱ्या कामाला द्यावी. आपल्याकडे बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, त्यामागचा विचार हाच आहे. पैसा संस्थेच्या खाटेमागे न जाता मुलामागे घरी जावा.

रानवाटा

घरी जावा हे खरे, पण गावात आठवीपुढे शाळाच नसेल तर त्या पैशाने आई काय करील? दलालाचे आमिष शाळेचेच होते, हे आपणच वर वाचले. हुमल्यातल्या आईला आधी चालत्या अंतरावर शाळा हवी, निदान सुट्टीत मूल घरी परत येईल असे वसतिगृह हवे. ते नसताना मुलांना नुसते परत पाठवले, तर काही वर्षांनी तीच मुले पुन्हा कोणाच्या तरी हाती लागतील. उंबरठाताई, भाचीला पैसे कुठे द्यावेत हे सांगताना तेथे शाळेचे काय चालले आहे, हेही तिला विचारायला सांगा.