एलसीएमध्ये ब्लॉक विटेपेक्षा वाईट आणि लाकूड थेट मायनसमध्ये, कुठे चुकतंय?

नकाशा_पुसणारी
नमस्कार मंडळी, ऑफिसात एका पाच मजली इमारतीचं कन्सेप्ट डिझाईन चालू आहे आणि सरांनी एलसीए (माल बनवण्यापासून इमारत पाडण्यापर्यंतच्या कार्बनचा हिशोब) माझ्या गळ्यात मारलंय, कारण काय तर "तुला एक्सेल बरं जमतं". मी मटेरियलचे ईपीडी (उत्पादकाने दिलेली पर्यावरण-परिणामाची पत्रकं) उतरवून घेतले, किलोमागे किती कार्बन ते आकडे शेजारी शेजारी मांडले. तर एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा) ब्लॉक विटेपेक्षा वाईट येतोय, ऐकत तर आलेय उलटंच. आणि लाकडी पॅनेलचा आकडा चक्क मायनस, म्हणजे जेवढं लाकूड कोंबू तेवढी इमारत ग्रीन असं दिसतंय, सर खूश झालेत आणि मला भीती वाटतेय. शिवाय ड्रॉइंग रोज बदलतंय, मग हे आत्ताच करायचं का सगळं फायनल झाल्यावर?

हिशोबनीस
भीती वाटली हे बरं झालं. किलोवर तुलना करूच नका, भिंत काय किलोवर विकत घ्यायचीय का? तुम्हाला हवी आहे १ चौरस मीटर भिंत, अमुक इतकी उष्णता अडवणारी आणि ६० वर्षं उभी राहणारी. हेच ते फंक्शनल युनिट, आयएसओ १४०४० (एलसीएचं आंतरराष्ट्रीय मानक) पहिल्याच टप्प्यात ते ठरवायला लावतं ते उगाच नाही. आता मांडा: २०० मिमीचा ब्लॉक, घनता घनमीटरला ६०० किलो धरली तर चौरस मीटरला १२० किलो. २३० मिमीची विटेची भिंत, घनता १८००, झाले ४१४ किलो. म्हणजे किलोमागे ब्लॉक जरा जास्त असला तरी मालच साडेतीन पट कमी लागतोय. सांधाही धरा बरं का, ब्लॉकला ३ मिमीचा चिकट मसाला पुरतो, विटेला १० मिमी सिमेंटचा, आणि तो सांडतो तो वेगळाच.

लाकडाचं म्हणाल तर झाडाने वाढताना शोषलेला कार्बन ए१ (कच्चा माल) मध्ये मायनस दिसतो. पण शेवटी ते लाकूड जाळलं की सी३-सी४ (इमारत पाडल्यावरची विल्हेवाट) मध्ये तो प्लस होऊन परत येतो. तुम्ही ए१ ते ए३ वर (माल कारखान्यातून निघेपर्यंत) थांबलात, म्हणजे पगार जमा झालेली एंट्री बघितली आणि हप्ता कापायच्या आत पासबुक मिटलं. ईएन १५८०४ (ईपीडीचं युरोपीय मानक) च्या २०१९ च्या सुधारणेनंतर बहुतेक मालाला सी आणि डी (पुढच्या पुनर्वापराचं श्रेय) द्यावंच लागतं, त्याआधीच्या ईपीडीत ते बऱ्याचदा नसायचं म्हणून तारीख बघून घ्या.

स्लॅबवाला
विटा न् ब्लॉक चालू द्या, पण पाच मजल्यांच्या काँक्रीटच्या इमारतीत खरा बोजा स्लॅब, पाया आणि बेसमेंट असेल तर त्यात आहे. सिमेंटचं दुखणं नुसतं भट्टीच्या इंधनाचं नाही, चुनखडी तापवली की तिच्यातूनच सीओटू सुटतो, अर्ध्याहून जास्त तिथलाच, भट्टी उद्या सूर्यावर चालवलीत तरी तो सुटणारच. आता कॉलममधलं अंतर वाढवलं म्हणून स्लॅब २०० मिमीचा २५० झाला समज. चौरस मीटरला ०.०५ घनमीटर काँक्रीट वाढलं. १०,००० चौरस मीटरला ५०० घनमीटर, घनमीटरला ३०० किलो धरले तर १५० टन झाले. स्टील अजून मोजलंच नाही. आणि हे कोणामुळे, तर लॉबीत मधे एक कॉलम दिसतो म्हणून नको वाटला! म्हणून म्हणतो आत्ताच कर, आकडे ढोबळ असले तरी चालतील, कॉलम आत्ता हलतात. फायनल ड्रॉइंगवर केलेलं एलसीए म्हणजे बारशाला बसून लग्नाची पत्रिका जुळवणं.

अजून एक, स्ट्रक्चरवाल्याला विचार की पायाला २८ ऐवजी ५६ दिवसांची स्ट्रेंथ चालेल का. पूर्ण लोड यायला तसेही महिने जातात आणि त्या सवलतीत सिमेंटच्या जागी स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) भरपूर घालता येतो. स्लॅबला मात्र सांभाळून, सेंटरिंग काढायला उशीर झाला की काँट्रॅक्टर तुझ्या नावाने खडे फोडेल.

गॅस_गळतो_भाऊ
सगळे काँक्रीटवर तुटून पडलेत, आमच्या एसीकडे कोणी बघतच नाही. आर-४१०ए (एसीतला गॅस) चा जीडब्ल्यूपी, म्हणजे सीओटूच्या किती पट तापवतो तो आकडा, २००० च्या वर आहे, १० किलो गॅस गळला की २० टन सीओटूच्या बरोबरीचं गेलं हवेत, आणि गळत नाही अशी लाईन मी तरी बघितली नाही. ते बी१ (वापरताना थेट होणारं उत्सर्जन) मध्ये येतं, तिथे सर्रास शून्य टाकून मोकळे होतात. तसंच बी४ म्हणजे बदली. १० वर्षं टिकणारं कार्पेट ६० वर्षांत पहिलं एक आणि नंतर पाच वेळा, म्हणजे सहापट धरायचं. विजेचंही बघा, आजच्या ग्रिडचा आकडा ६० वर्षं तसाच ओढला तर बी६ (वापरातली ऊर्जा) इतका फुगतो की बाकी सगळं किरकोळ वाटायला लागतं.

नकाशा_पुसणारी
सगळ्यांचे आभार, काल बसून परत केलं. ब्लॉक खाली आला, लाकडाचा मायनस गेला पण काँक्रीटच्या पार्टिशनपेक्षा अजूनही ते कमीच आहे, सरांचा चेहरा उतरला जरा. आणि स्लॅबवाला, लॉबीतला कॉलम खरंच माझ्याच स्केचमध्ये उडवलेला निघाला 🙈. एकच राहिलं, डी मध्ये स्टीलच्या रिसायकलिंगचा मायनस येतोय, तो टोटलमध्ये घेऊ का?

हिशोबनीस
नाही. डी इमारतीच्या हद्दीबाहेरचं आहे, वेगळ्या ओळीत दाखवा. भंगार पुढे कोणी वितळवेल तेव्हाचं श्रेय ते, टोटलमध्ये मिसळलंत तर एखादा चाणाक्ष क्लायंट पहिल्याच मीटिंगमध्ये पकडेल.

स्लॅबवाला
कॉलम परत आला का ते सांग आधी.