‘सावत्र बाप’ यातला ‘सावत्र’ कुठून आला?

प्रश्न: ‘सवत’ आणि ‘सावत्र’ एकाच मुळाचे असतील, तर बापाला ‘सावत्र’ कसं म्हणतात? बापाला कुठे सवत असते?

प्रतिसाद १: मूळ एकच. संस्कृत ‘सपत्नी’ म्हणजे एकाच पतीची दुसरी बायको, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१४५) सवतीला दूर करण्याचं अख्खं सूक्त आहे. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो: दीपचा दिवा, कपाटचं कवाड, तशी सपत्नीची सवत. ‘सापत्न’ म्हणजे सवतीचं, सवतीकडून आलेलं. ‘सावत्र’ त्याचंच रूप. हिंदीतला ‘सौतेला’ही ‘सौत’वरूनच. म्हणजे आधी सावत्र आई आणि तिची मुलं; बापाला तो शब्द मागाहून चिकटला. शब्दशः पाहिलं तर ‘सावत्र बाप’ जुळत नाही, पण रूढीनं अर्थ रुंदावला आणि तो पक्का झाला. ‘सापत्यभाव’ मात्र लिहू नका, ‘सापत्नभाव’ लिहा. त्यात ‘अपत्य’ नाही.

प्रतिसाद २: बापासाठी वेगळा शब्द का घडला नाही, हे समाजात दिसतं. पुरुषाला दोन बायका चालत. विधवेचं दुसरं लग्न अनेक जातींत ‘पाट’ म्हणून होई, पण त्याला लग्नाचा मान नसे. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. संस्कृतातही ‘विमाता’ रुळली, तिच्या जोडीचा बाप रुळला नाही. गुजरातीत आईचं बोट धरून नव्या घरी आलेल्या मुलाला ‘आंगळियात’ म्हणतात. किती नेमका शब्द! त्यात सवत नाही, मूल आहे. इंग्रजी ‘स्टेप’चंही तसंच: पायरीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत ‘स्टेओपचिल्ड’ म्हणजे पोरकं मूल.

प्रतिसाद ३: कागदोपत्री नुसतं ‘सावत्र भाऊ’ लिहिलं की घोळ होतो, कारण त्यात तीन नाती येतात: बाप एक, आई वेगळी; आई एक, बाप वेगळा; आणि दोन्ही वेगळे, म्हणजे सावत्र बापाचा आधीच्या बायकोपासूनचा मुलगा. पहिल्या दोन नात्यांना हिंदू वारसा कायदा, १९५६, वेगवेगळी नावं देतो. तिसऱ्यात रक्ताचं नातंच नाही. म्हणून वंशावळीत प्रत्येकापुढे आईचं आणि बापाचं, दोन्ही नावं लिहा. आणि सावत्र बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्या कायद्यानं सावत्र मुलगा ‘मुलगा’ म्हणून वारस ठरत नाही. त्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करावं लागतं.

प्रश्नकर्ता: तिसरं नातं ध्यानातच आलं नव्हतं. वंशावळीत दोन्ही नावं घालतो.