मदत हवी आहे: अण्णांच्या फोनवर बँकेचं ॲप चालत नाही, 'दुसरं ॲप वर दिसतंय' म्हणतं. कुठलं ते सापडत नाही

सूतगुंडी

नमस्कार. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या फोनसाठी मदत हवी आहे. चार दिवस झाले, रात्री जेवणं झाली की फोन घेऊन बसते आणि त्याच जागी अडकते.

अण्णा ६४ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर त्यांचं आयुष्य गेलं. मधुमेहाने नजर कमी झाली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा माग सुटला. आता कारखान्यातून टॉवेल आणून आमच्या गल्लीतल्या आठ जणींकडून शिलाई मारून घेतात आणि दर शनिवारी प्रत्येकीला फोनवरून पैसे पाठवतात. गेल्या शनिवारी पैसे गेलेच नाहीत. सोमवारी बँकेत रांग लावून रोख आणली आणि घरोघरी नेऊन दिली. दोन दिवस उशीर झाला याचं त्यांना फार लागलंय, कारण त्यातल्या दोघींचं घर त्याच पैशांवर चालतं.

होतं असं. बँकेचं ॲप उघडलं की कधी इंग्रजीत चौकट येते, दुसरं ॲप स्क्रीनवर दिसतंय, ते बंद करा अशा अर्थाची, आणि ॲप मिटतं. कधी चौकट येत नाही, नाव निवडता येतं, रक्कम टाकता येते, पण पैसे पाठवायचं शेवटचं बटण काही केल्या दाबलं जात नाही. स्क्रीनवर तर दुसरं काहीच दिसत नाही. शिवाय फोन उघडला की मध्येच स्क्रीनभर जाहिरात येते, ती वेगळीच.

मला फोनपेक्षा जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. अण्णांना वाटतंय दोष त्यांच्या बोटांचा आहे. इतकी वर्षं तुटलेले धागे सांधून बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, तीन-तीनदा पुसून ठेवावा लागतो. त्यामुळे बटण लागेना तेव्हा ते हळूच म्हणाले, "बोटंच मेली गं माझी." तेव्हापासून फोन माझ्याकडे सरकवतात, "तूच दाब" म्हणतात. मी दाबलं तरी बटण लागत नाही, हे सांगितलं तर त्यांना वाटतं मी समजूत घालतेय.

फोन अँड्रॉइड १० चा आहे, भावाने वापरून दिलेला. सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' ही यादी मला सापडली. त्यात पाच जणांना परवानगी आहे: फोन आला की नाव मोठ्या अक्षरांत दाखवणारं ॲप, टॉर्च, फोन साफ करणारं ॲप, गप्पांच्या ॲपचे गोल फुगे, आणि डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन मंद-पिवळी करणारं एक ॲप. टॉर्च आणि साफसफाईवाल्याची परवानगी मी काढली. फरक पडला नाही. मोठ्या अक्षरांचं ॲप बंद करायला मन धजत नाही. ते नसेल तर कोणाचा फोन आहे हे अण्णांना दिसत नाही, आणि कारखान्यातल्या माणसाचा फोन चुकला की माल दुसऱ्याकडे जातो.

विचारायचं एवढंच: कुठलं ॲप आड येतंय हे कसं ओळखायचं? आणि मोठ्या अक्षरांचं ॲप ठेवून बँकेचं चालवता येईल का?

होटगीरोडकर

सरळ फॅक्टरी रीसेट मारा ताई. अर्ध्या तासात फोन नव्यासारखा.

सूतगुंडी

दादा, तो विचार केला होता. पण कोणाला किती टॉवेल दिले, किती परत आले त्या वहीच्या पानांचे दोन वर्षांचे फोटो त्यात आहेत, सगळे नंबर आहेत. आणि रीसेट करून परत तीच पाच ॲप टाकली तर परत तेच होणार ना?

रात्रपाळी

बरोबर बोललात, रीसेट नको. मी फोन दुरुस्तीच्या कामात आहे, असे फोन रोज हातात येतात.

आधी अण्णांना माझ्याकडून सांगा, बोटांचा काही दोष नाही. रेशनच्या यंत्राला अंगठ्याच्या रेषा लागतात. त्या झिजल्या असतील तर ते यंत्र अडतं, ही गोष्ट खरी. फोनच्या काचेला रेषांशी काही घेणं नाही. बोट टेकलं की काचेखालच्या विजेच्या भारात जो बारीकसा फरक पडतो, तेवढाच ती ओळखते. घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटाने थोडा त्रास होऊ शकतो, पण मग तो सगळ्या स्क्रीनवर व्हायला हवा. ज्या बोटाने त्यांनी रक्कम टाकली त्याच बोटाने बटण लागत नाही ना? मग बोट चांगलं आहे. बँकेचं ॲपच तो स्पर्श घ्यायला नकार देतंय.

का, ते सांगतो. एका ॲपला दुसऱ्याच्या वर चित्र काढायची परवानगी मिळाली की ते पूर्ण पारदर्शक पडदाही पसरू शकतं, किंवा बँकेच्या पानासारखंच खोटं पान वर ठेवून तुमचा पिन घेऊ शकतं. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी 'क्लोक अँड डॅगर' या नावाने हे सगळं करून दाखवलं होतं. म्हणून अँड्रॉइडने ॲप बनवणाऱ्यांना एक सोय दिली आहे: आपल्या बटणावर दुसऱ्या कोणाची खिडकी पसरली असेल तर तो स्पर्श टाकून द्यायचा. बँकावाले ती वापरतात. बटण दिसतं, बोट लागतं, आणि स्पर्श गुपचूप फेकला जातो. वापरणाऱ्याला कोणी काही सांगत नाही, हे मला स्वतःला फार खटकतं. एक ओळ लिहून आली असती तर तुमच्या अण्णांनी चार दिवस बोटांना दोष दिला नसता.

आता तुमच्या यादीकडे. माझा संशय त्या मंद-पिवळ्या स्क्रीनवाल्यावर आहे. तुम्ही त्याला पडदा धरलंच नाही, कारण ते काही 'दाखवत' नाही. पण ते करतं काय? फिकट पिवळी काच अख्ख्या स्क्रीनवर, कायम. फोन आल्यावर नाव दाखवणारं ॲप फोन वाजतानाच खिडकी उघडतं, एरवी नाही. फुगे कोपऱ्यात असतात. चोवीस तास सगळ्या स्क्रीनभर पसरलेलं हे एकच आहे.

त्याची परवानगी काढा, फोन बंद करून चालू करा, मग बँकेचं ॲप उघडा. एका वेळी एकच परवानगी काढा, म्हणजे दोषी कोण ते कळेल.

भवानीपेठ

माझ्या आईच्या फोनमध्ये अगदी असंच झालं होतं, तेव्हा फोन अँड्रॉइड ६ चा होता. त्या वेळी निदान 'स्क्रीन ओव्हरले डिटेक्टेड' अशी पाटी यायची. कुठल्याही नव्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी द्यायला गेलं की ही पाटी आड. सगळ्या घराला पाठ झाली होती.

ज्यांना ती यादी सापडत नाही त्यांच्यासाठी: सेटिंग्जमध्ये वर शोधायची पट्टी असते, तिथे इंग्रजीत 'ओव्हर' टाइप करा. सॅमसंगमध्ये याच परवानगीचं नाव 'अपिअर ऑन टॉप' आहे. शाओमीत आणखी एक वेगळी परवानगी असते, ॲप मागे चालू असताना खिडकी उघडण्याची. तीही बघावी लागते.

सूतगुंडी

रात्रपाळी दादा, काय सांगू! त्या पिवळ्या ॲपची परवानगी काढली, फोन बंद-चालू केला, आणि अण्णांनी स्वतः माझ्या खात्यावर एक रुपया पाठवला. पहिल्या दाबात गेला. मी मुद्दाम फोनला हात लावला नाही. त्यांनी आणखी एक रुपया पाठवला. मग बोटाकडे बघत बसले. आमच्या घरी तेलुगू बोलतात, ते मला जे म्हणाले ते इथे मराठीत सांगता येणार नाही, पण आज बऱ्याच दिवसांनी जेवताना मागाच्या गोष्टी सांगत होते.

दोन गोष्टी राहिल्या. पिवळा उजेड नसला की रात्री त्यांचे डोळे चुरचुरतात. आणि जाहिरात अजून येतेच आहे.

रात्रपाळी

वाचून फार बरं वाटलं.

पिवळ्या उजेडासाठी वेगळं ॲप लागतच नाही. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत 'नाइट लाइट' किंवा 'आय कम्फर्ट' अशा नावाने फोनची स्वतःची सोय असते, बहुतेक फोनमध्ये आहे. ती वर पडदा टाकत नाही, स्क्रीनचे रंगच बदलते, त्यामुळे बँकेच्या ॲपला तिची हरकत नसते. संध्याकाळी सातला चालू, सकाळी सहाला बंद अशी वेळही लावता येते. ते पिवळं ॲप मग काढूनच टाका.

जाहिरातीसाठी दुसरी यादी उघडा: ॲक्सेसिबिलिटी. ही परवानगी पडद्याच्या परवानगीपेक्षा भारी आहे. ती ज्याच्याकडे आहे ते ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. अंध माणसाला फोन वाचून दाखवणाऱ्या ॲपला ती लागतेच, त्यासाठीच ती आहे. फोन साफ करणाऱ्या ॲपला ती कशाला? मला वाटतं तिथे तेच सापडेल. फोनला अशा सफाईची गरजही नसते, अँड्रॉइड मेमरी स्वतः सांभाळतो.

खात्री करायची असेल तर सेफ मोड वापरा. पॉवरचं बटण दाबून ठेवा, 'पॉवर ऑफ' दिसलं की त्यावरच बोट दाबून धरा, सेफ मोडला होकार द्या. त्यात बाहेरून घेतलेली ॲप चालत नाहीत. तिथे जाहिरात थांबली तर दोष घेतलेल्या ॲपचाच. बँकेचं ॲपही त्यात उघडणार नाही, तेव्हा घाबरू नका. फोन बंद करून चालू केला की सगळं पूर्ववत.

एक प्रश्न मात्र मनापासून विचारतो. अण्णांना कोणी फोन करून काही टाकायला सांगितलं होतं का? किंवा लग्नपत्रिका म्हणून चॅटवर एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली होती का? असेल तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

सूतगुंडी

नाही, तसलं काही नाही. डाउनलोडची सगळी यादी बघितली, पासबुकही भरून आणलं, एक रुपयाही इकडचा तिकडे नाही. सफाईवालं ॲप खरंच ॲक्सेसिबिलिटीत होतं, दादा. काढून टाकलं. काल दुपारपासून एकही जाहिरात नाही. टॉर्चही काढलं, फोनचा स्वतःचा टॉर्च वरून पट्टी ओढली की मिळतो, हे अण्णांना दाखवलं.

फोनची भाषा मराठी केली. अण्णा शिकले मराठी शाळेत, फोन होता इंग्रजीत. अमुक ॲप इतर ॲप्सवर दिसतंय अशी सूचना वरच्या पट्टीत पूर्वीही येत असणार, ते न वाचता सरकवून टाकायचे. आता अक्षरंही मोठी केली आहेत, वाचतात आणि मला विचारतात.

भवानीपेठ

मोठ्या नावाचं ॲप काय केलंत? गूगलच्या फोन ॲपमध्ये फोन करणाऱ्याचं नाव बोलून सांगायची सोय आहे. आईसाठी मी तीच चालू केली. शिवाय ठरावीक नंबरांना वेगळी रिंगटोन लावता येते, कॉन्टॅक्टमध्ये जाऊन.

सूतगुंडी

ते ठेवलं, परवानगी चालू आहे आणि बँकेच्या ॲपने अजून तक्रार केलेली नाही. रात्रपाळी दादा म्हणाले तसं, खिडकी फक्त फोन वाजताना येते. कोणाचा फोन आलेला असताना बँकेचं ॲप उघडायचं नाही, एवढं अण्णांशी ठरलंय. कारखान्याच्या नंबराला वेगळी रिंगटोन आजच लावली, आतल्या खोलीतूनही ओळखू येते. बोलून सांगायची सोय रविवारी निवांत बसून बघते.

आज शनिवार. आठही जणींचे पैसे अण्णांनी संध्याकाळी साडेपाचच्या आत स्वतः पाठवले आणि प्रत्येकीला फोन करून 'आले का' विचारलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्याच्या नावापुढे 'सुटलं' असं लिहिता येत असेल तर संपादकांनी लिहावं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.