पूर्ण अंतर आधी पळून बघू नका

पहिल्या मॅरेथॉनआधी सरावात एकदा पूर्ण 42 किमी पळून बघावं का, असं विचारलंय. नको. 30 ते 32 किमी पुरे, तेही शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्याहून लांब गेलात तर थकवा भरून निघेपर्यंत पुढचा सराव वाया जातो. आठवड्याचं लांब पळणं 2 किमीने वाढवत न्या, दर चौथ्या आठवड्यात मात्र मुद्दाम कमी करा. वेग असा, की धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता यावं. नवखे नेमकी इथेच घाई करतात आणि मग नडगी धरून बसतात.

30 किमीच्या आसपास पाय शिशाचे होतात, कारण स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत येतं. त्यामुळे भूक लागायची वाट न बघता शर्यतीच्या पहिल्या 40 मिनिटांतच खायला सुरुवात करा: तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये (पळताना खायच्या गोड, घट्ट द्रवाच्या पाकिटात) साधारण 20-25 ग्रॅम असतात. सोबत पाणी हवंच, नाहीतर पोट ढवळतं.

एखाद्या संस्थेला निधी जमवून देण्यासाठी पळत असाल, तर देणग्यांचं आवाहन सराव सुरू होतानाच करा; सर्वांत लांब पळण्याच्या शेवटच्या आठवड्यांत खाणं आणि झोपणं यापलीकडे काही सुचत नाही. ग्रुपवर टाकलेला मेसेज कोणी मनावर घेत नाही, एकेकाला लिहा. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. आणि शर्यतीत संस्थेमार्फत प्रवेश घेत असाल, तर ठरलेली किमान रक्कम न जमल्यास उरलेली कोणी भरायची, ते सही करण्याआधी वाचा.